पिवळ्या कापडावरचा लाल पंजा

मैदानावर उभं राहायला जागा उरली नव्हती, तरी माणसं येतच होती. कुणी कंपाउंडच्या भिंतीवर चढलं होतं, कुणी ट्रकच्या टपावर. एक गृहस्थ तर पाण्याच्या टाकीच्या शिडीला एका हाताने लोंबकळत होते आणि दुसऱ्या हाताने नमस्कार करत होते. व्यासपीठावर एक पिवळंधमक कापड दोरीला ताणून बांधलेलं होतं. महाराज त्याला सत्यवस्त्र म्हणत. एका गुहेत बारा वर्षं तप केल्यावर ते त्यांना मिळालं होतं. गुहा कुठली, हे विचारायची पद्धत नव्हती.

"कोण आपला आणि कोण आतला शत्रू, हे मी डोळे मिटून सांगीन," महाराज माइकमध्ये म्हणत होते. "पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. वस्त्रावर ठेवा. वस्त्राला भीड नाही, मुर्वत नाही. वस्त्राला ना मामा, ना मेहुणा."

आधी त्यांनी स्वतःचा पंजा कापडावर दाबला. काही उमटलं नाही. ते नेहमी स्वतःपासूनच सुरुवात करत. मग दवाखान्यातल्या नर्सबाईंना वर बोलावलं. बाई सगळ्या धर्मांच्या पोरांना एकाच खोलीत बसवून लस टोचत, हा त्यांचा गुन्हा. त्यांच्या हातांवर झारीतून शुद्धीचं पाणी घातलं गेलं, त्यांनी पंजा टेकवला आणि पिवळ्या कापडावर पाच बोटं लालभडक उमटली. मैदान खवळलं.

लॉन्ड्रीवाली वहिनी तिसऱ्या रांगेत बसून हे पाहत होती. ती खरं तर एकाच माणसाची वहिनी. पण तिचा दीर दिवसभर दुकानात "वहिनी, वहिनी" करायचा, म्हणून गिऱ्हाइकंही तिला तेच म्हणू लागली होती. हाच दीर आता हाताला पट्टा बांधून महाराजांच्या रक्षक दलात शिरला होता, आणि झारी त्याच्याच हातात होती. महाराजांचे कपडे वहिनीकडेच धुवायला यायचे. सभेआधी तोंड पुसायला लागणारा सुगंधी ओला रुमालही तीच घडी करून पाठवायची. तिलाही सारं खरंच वाटत होतं. नर्सबाईंकडे बघून तिच्या मनात आलं, इतकी वर्षं हिला ओळखतो आपण, पण माणसाच्या पोटात काय असतं कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना ओस पडला. नर्सबाई दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि तापाने फणफणलेली पोरं समोरून दुसऱ्या गावाला नेली जायची. पुढच्या सभेत वाचनालयाच्या ग्रंथपालांचा पंजा लाल झाला. महाराजांनी दिलेल्या यादीतली पुस्तकं कपाटातून काढायला त्यांनी नकार दिला होता. त्याच संध्याकाळी वाचनालयाच्या काचा फुटल्या. येत्या शुक्रवारी अपवित्र पुस्तकांची चौकात होळी होणार, असं जाहीर झालं. अपवित्र कुठली ते कुणी वाचून पाहणार नव्हतं, कारण वाचलं की पाप लागतं.

मधल्या मंगळवारी महाराजांनी निष्ठावंतांचा सत्कार ठेवला. शुद्ध पंजा कसा असतो तेही लोकांनी बघावं, म्हणून पहिलं नाव वहिनीचं पुकारलं. ती कामावरून तशीच धावत आली होती. दुपारभर चादरींच्या टबात कोपरापर्यंत हात होते. दिराने कौतुकाने तिच्या हातावर चार थेंब पाणी शिंपडलं. तिने पंजा टेकवला, उचलला, आणि समोर पाहते तर लाल.

त्या क्षणी वहिनीने एक गोष्ट पाहिली, जी मैदानातल्या कुणालाच दिसली नाही. महाराज दचकले. ज्याला डोळे मिटून सगळं कळतं, तो माणूस डोळे विस्फारून कापडाकडे बघत राहिला. मग सावरून त्यांनी सूर बदलला. पाप किती खोल दडून बसतं, कपडे धुणाऱ्या हातांनाही कसं सोडत नाही, वगैरे वगैरे.

वहिनी घरी आली ती मान खाली घालून. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गिऱ्हाइकांनी आपापले कपडे इस्त्री न करताच उचलून नेले. नवऱ्याने चहा स्वतःच करून घेतला, आणि तेवढ्यानेच तिला रडू फुटलं. रात्रभर ती स्वतःच्या मनात खोट शोधत राहिली. शेजारणीचा हेवा सापडला, जावेबद्दल चार वाईट विचार सापडले. धर्माबद्दल काही सापडेना. आणि महाराज का दचकले, तेही कळेना.

सकाळी कामाला लागली. खानावळीचे टेबलक्लॉथ आले होते, सगळीकडे आमटीचे पिवळे डाग. तिने पहिला कपडा सोड्याच्या पाण्यात बुडवला आणि डाग नेहमीसारखा लाल झाला. रोज होतो. वीस वर्षं होतोय. वहिनी टबाकडे बघत उभी राहिली आणि मग तिथेच खाली बसून पोट धरून हसायला लागली.

घरात हळदीचा डाग साबणाने लाल होताना पाहिला नाही, असा एक माणूस त्या मैदानात नव्हता. पण न्हाणीघरात पाहिलेलं व्यासपीठासमोर आठवत नाही. शिवाय कापडावर अत्तर इतकं शिंपडलेलं असायचं की हळदीचा वास यायची सोय नव्हती.

तिने दिराला हाक मारली. पठ्ठ्या कालपासून तिची नजर चुकवत होता. तिने त्याला समोर बसवलं आणि नर्सबाईंच्या हातावर दोन झाऱ्यांपैकी कुठल्या झारीतलं पाणी घातलं, असं विचारलं. तो म्हणाला, डाव्या. ग्रंथपालांच्या? तेही डाव्या. संशयितांना डावी आणि निष्ठावंतांना उजवी, असा महाराजांचा हुकूम होता. डावीत कडक मंत्राचं पाणी असतं म्हणे.

"आणि ते कडक पाणी बोटांना कसं लागतं, भावजी?"

तो विचारात पडला. "बुळबुळीत," असं म्हणाला, आणि त्याची नजर सोड्याच्या टबाकडे गेली. काचा फोडायला गेलेल्यांत तोही होता.

वहिनीने त्याला बोल लावला नाही. मीही मनात नर्सबाईंना दोषी ठरवून बसले होते, इतकंच म्हणाली. मग दोघं नर्सबाईंकडे गेली, तिथून ग्रंथपालांकडे. ग्रंथपाल म्हणाले, पत्रक काढू. नर्सबाई म्हणाल्या, पत्रक तुमच्याशिवाय कोण वाचणार, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी करू. महाराजांचा रुमाल शुक्रवारी आपल्याच दुकानातून जातो, ही आठवण वहिनीने करून दिली.

शुक्रवारी चौकात पुस्तकांचा ढीग रचला होता. शेजारी रॉकेलचा डबा, मागे व्यासपीठावर दोरीला ताणलेलं सत्यवस्त्र. लोक मैदानावरच्या सभेहूनही जास्त. महाराज आले, सवयीप्रमाणे रुमालाने चेहरा पुसला, दोन्ही हात नीट पुसले. हात ते कधी धूत नसत. शुद्धाला शुद्धी कशाला. मग शत्रू किती जवळ येऊन ठेपलाय हे सांगत त्यांनी पंजा कापडावर दाबला आणि तसंच बोलत राहिले. लोक का कुजबुजताहेत ते त्यांना कळेना. मागे वळून पाहिलं, तर पाच बोटं रक्तासारखी लाल.

पहिली हाळी पुढच्याच रांगेतून आली, की महाराजच पापी, महाराजच शत्रू. रक्षक दलातले दोघंतिघं बाह्या सरसावून वर चढले. आठ दिवसांपूर्वी ज्या हातांनी काचा फोडल्या, तेच हात आता महाराजांच्या गळ्याकडे निघाले होते. महाराज रुमाल फेकून खांबामागे सरकले.

वहिनीला वाटलं होतं, लाल पंजा दिसला की लोकांना सगळं उमजेल. इथे तर लोकांना फक्त नवा पापी सापडला होता. ती धावत वर गेली आणि त्या पोरांच्या आडवी उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने माइक हातात घेतला, तोही उलटा. दिराने तो सुलटा करून दिला.

"ते पापी नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे असतीलही, पण हे त्याने झालेलं नाही. रुमालात धुण्याचा सोडा होता, तो मी घातला. कापड हळदीचं आहे. माझ्या हाताला टबातला सोडा होता, नर्सबाईंच्या हाताला झारीतला. एवढीच गोष्ट आहे."

तिने सोबत आणलेलं लिंबू कापून कापडावरच्या महाराजांच्या लाल पंजावर पिळलं. बोटं एकेक करून पुन्हा पिवळी झाली. "घ्या, पाप फिटलं. वीस सेकंद लागले," असं ती म्हणाली, आणि शिडीवाले ते गृहस्थ आधी हसले. मग हसू चौकभर पसरलं. दिराने दोन्ही झाऱ्या पुढे आणून ठेवल्या आणि ज्याला हवं त्याने बोट बुडवून पाहावं असं सांगितलं. काचा मीही फोडल्या, हेही त्याने माइकवरच सांगितलं. म्हाताऱ्या, पोरीबाळी, खानावळवाला, सगळे रांगेने वर आले आणि आपापले पंजे उमटवून गेले. कापडावर पिवळी जागा म्हणून उरली नाही. या गडबडीत महाराज कधी निसटले ते कुणी पाहिलं नाही.

त्या दिवशी पुस्तकं कपाटात परत गेली. पण गोष्ट तिथे संपली असं वहिनी कधी म्हणत नाही. कारण पंधरवड्यातच कुजबुज सुरू झाली, की कापड खोटं असेल, पण शत्रू तर आहेतच ना. दवाखान्यात सगळे परतले नाहीत. मग वहिनी, नर्सबाई, ग्रंथपाल आणि दीर दर आठवडी बाजारात एक टेबल मांडून बसू लागले. कधी कापड, कधी रिकाम्या हातातून राख काढून दाखवायची युक्ती, कधी नुसत्या गप्पा. काही आठवडे गर्दी व्हायची, काही आठवडे चौघंच एकमेकांची तोंडं बघत बसायची. तरी टेबल मांडायचंच, असं ठरलेलं होतं. द्वेष पसरवणारे सुट्टी घेत नाहीत, मग आपण का घ्यावी, असं नर्सबाईंचं म्हणणं.

परवा तिथे रक्षक दलातला एकजण आला. पट्टा अजून हातावर होता. त्याने जरा घुश्शातच विचारलं, की वस्त्रही खोटं, मंत्रही खोटा, मग आतला शत्रू ओळखायचा तरी कसा.

वहिनीने त्याला बसायला स्टूल दिलं. म्हणाली, "कुणी शेजाऱ्याकडे बोट दाखवलं ना, की आधी पुरावा मागायचा. तो आपल्या डोळ्यांनी तपासायचा. महाराजांना मागायचा आणि मलाही मागायचा. पुरावा नसेल, तर तो शेजारीच असतो, बाबा. दुसरं काही नसतं."

पट्टा त्याने काढला नाही. पण स्टुलावर बसला, आणि कापड जरा इकडे द्या, म्हणाला.