सुकाला परत बोलावलं

माणूस तोच, काम तेच. पण त्याला कामावर पुन्हा घ्यायची वेळ आली की कोण कुठला शब्द काढतो, यावरून ज्ञानेश्वरी बोलणाऱ्याला जोखायची. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ती हजेरीचं ऑफिस सांभाळायची. तिथले मॅनेजर ‘री-एंगेज’ म्हणत. ‘रिहायर’ म्हटलं की आधी काढलं होतं हे कबूल केल्यासारखं होतं ना! कॉम्प्युटरला असली लाज नव्हती, त्याच्या बटणावर ‘रिहायर’च होतं. ठेकेदार जितेश नावं ‘चढवायचा’ आणि ‘उतरवायचा’, दोरीवरचे कपडे असल्यासारखी. बिहारकडचे कामगार खिडकीत डोकं घालून ‘मॅडम, वापस रख लो’ म्हणत. आणि जव्हारच्या डोंगरातून आलेला सुका, पॅकिंगला गोण्या शिवायचा तो, एवढंच म्हणायचा, “बाय, मना परत बोलव.”

बोलव! जेवायला बोलवावं तसं. सगळ्या शब्दांत हाच तिला माणसाचा वाटायचा.

पावसाळ्यात ठेक्यावरच्या माणसांना ब्रेक मिळे. ब्रेक म्हणजे काही आठवडे नाव बंद, मग तोच गडी नव्याने कामावर. यंदा ब्रेक संपला तेव्हा यादीत अडतीस नावं होती. एखादं सुटू नये म्हणून ती प्रत्येक नाव मोठ्याने वाचून बटण दाबत गेली. सुकाच्या नावाशी आल्यावर गंमत म्हणून म्हणाली, “चल रे सुका, बोलावलंय तुला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बावन्नला गेटवरच्या मशीनवर सुकाचा अंगठा लागला.

दहाच्या सुमाराला खिडकीशी एक बाई आली. पायाला चिखल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद.

“मी ठकी. सुकाची बायको. तो मेला, बाय. भाताच्या आवणीत ताप भरला, चार दिसांत गेला. तीन आठवडं झालं.” तिने कागद सरकवला. मृत्यूचा दाखला होता. “मना त्याचे जागेवर घे. नायतर पोरीला घेऊन वीटभट्टीवर जायला लागंल. पोर सातवीत हाय. तिची शाळा सुटंल.”

ज्ञानेश्वरीने दाखला वाचला, मग स्क्रीन वाचला, मग पुन्हा दाखला. तेवढ्यात जितेश आला.

“मावशी, जागा रिकामी असेल तर देईन ना! तुझा नवरा सकाळपासून आत काम करतोय. मशीन खोटं बोलतं काय?”

ज्ञानेश्वरीने पॅकिंगच्या रामकिसनला फोन लावला.

“सुका? यहीं है, मॅडम. आज बोलत नाय कुणाशी, पण काय हात चालतोय! दोन माणसांचं काम केलंय.”

तिघंही शेडमध्ये गेली. शिलाईच्या मशीनपुढचं स्टूल रिकामं होतं. “आत्ता तर होता,” रामकिसन म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकला. स्टूल ओलं होतं. छत कोरडं, फरशी कोरडी, फक्त स्टूल ओलं. शेतातून उठून कोणी थेट येऊन बसावं तसं. शेजारी शिवलेल्या गोण्यांची थप्पी. ठकीने एका गोणीच्या तोंडावरून बोट फिरवलं. दोऱ्याचं टोक आत वळवून वर उलटी गाठ मारलेली.

“त्याचीच,” ती म्हणाली. “भाताचं कणगं पण असंच बांधायचा.”

जितेशने थप्पी मोजली आणि त्याचा चेहरा उजळला. हा माणूस भीत नव्हता, हिशेब करत होता. “चहाला उठला?” त्याने रामकिसनला विचारलं. “नाय.” “लघवीला?” “नाय.” “मग ज्ञानेश्वरीताई, याचं नाव अजिबात उतरवायचं नाही. असा माणूस शोधून मिळत नसतो.”

“मेल्या, तो मेलाय!” ठकी ओरडली.

“कागदावर मेलाय, मावशी. हजेरीवर जिवंत आहे.”

ज्ञानेश्वरी ऑफिसात गेली आणि सुकाचं नाव काढायला बसली. स्क्रीनवर अक्षरं आली: कर्मचारी आत आहे, बाहेर पडल्याशिवाय नाव बंद होणार नाही. तीन वाजता पाळी सुटली. सदतीस अंगठे बाहेर गेले. सुका गेला नाही. ठकी दुपारभर खिडकीखाली बसून होती.

“बाय, तू बोलावलंस ना त्याला? मग तूच सांग.”

दोघी पुन्हा शेडमध्ये आल्या. शेड रिकामं, शिलाईची सुई मात्र खालीवर होत होती आणि गोणी आपली आपण पुढे सरकत होती. परत घेण्याचे एवढे शब्द ज्ञानेश्वरीपाशी होते, सोडण्याचा एकच आठवला. “सुका,” ती म्हणाली, “तुला... ब्रेक दिलाय.”

ठकीने तिचा दंड धरला. “ब्रेक नको म्हणू! ब्रेक म्हटलं का तो परत येल.”

मग ती स्वतःच पुढे झाली. ओल्या स्टुलाच्या काठावर बसली, आणि धाकट्या भावंडाला सरकवावं तशी हळूहळू सरकत मधे आली. गारठ्याने तिचे दात वाजत होते. “उठ,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “आवणी झाली. पोर शाळेत जातेय. जागा भरली रं. मी लागलेय इथं.”

सुई थांबली. ठेक्यावरच्या माणसाला ‘जागा भरली’चा अर्थ सांगावा लागत नाही.

स्टूल ठकीखाली वाळत गेलं. दाराकडे ओल्या पावलांचा माग उमटत निघाला, पटांगण ओलांडून गेटकडे. ज्ञानेश्वरी त्याच्या मागे, चार हात अंतर ठेवून. मशीन वाजलं: सुका, बाहेर, तीन एकवीस. उद्या त्या जागेवर ठकीचं नाव लागणार होतं.

गेटवरचा खंडेराव वर्तमानपत्रात डोकं घालून बसला होता. आयुष्यात कुणाला निघताना ‘जा’ म्हणायचं नाही, असं आईने शिकवलेला माणूस. मशीनचा आवाज ऐकून त्याने मान वर न करताच छोटं दार उघडलं आणि नेहमीच्या अगत्याने म्हणाला, “या हां परत!”

दाराबाहेर दोन ओली पावलं उमटलेली होती. तिसरं उमटेना.

मागे शेडमध्ये ठकीने नुकतंच चालू केलेलं मशीन थांबल्याचं ज्ञानेश्वरीला ऐकू आलं.