बर्फातला बांगडा

आमच्या भोकरदनच्या आठवडी बाजारात बर्फ फार बदनाम आहे. इथल्या लोकांनी जन्मभर पाटीत फडफडणारी मरळ पाहिलेली. बर्फात ठेवलेली मासळी म्हणजे शिळी, हे त्यांचं पक्कं. म्हणून माझ्या सासूबाई, खैरुनबी अम्मी, मुंबईहून आलेले बांगडे बर्फाच्या थर्माकोल डब्यातून थोडे थोडे काढून ओल्या पोत्यावर मांडतात. मी दर बाजारी भांडते. जालन्याच्या ठोक व्यापाऱ्यानं मला बजावलंय, बर्फ सुटला की बांगड्यात जंतू वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष कितीही शिजवलं तरी जात नाही. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

"तीस साल झाले धंदा करून राह्यले," अम्मी म्हणतात. "माझं नाक हाय ना!"

त्या नाकावरच आमचं दुकान चालायचं. अम्मींनी हुंगून मान डोलावली की गिऱ्हाईक पिशवी पुढं करायचं.

त्या दिवशी भर दुपारी केदारखेड्याच्या कौसल्याबाई आल्या. लेक शालू बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि तिला बांगड्याचे डोहाळे लागलेले. अम्मींनी पोत्यावरचा एक उचलला, कल्ला उघडून नाकाशी नेला. "बिलकुल ताजा."

मला तर दोन हातांवरून दर्प येत होता. अम्मींनी पुन्हा हुंगलं. चेहऱ्यावर काहीच नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिवाळ्यात अम्मींना ताप आला होता, त्यानंतर चुलीवर दूध करपलं तरी त्या शेजारी बसून राहायच्या. मला वाटायचं, माझ्यावरच्या रागानं उठत नाहीत. बाईला वासच येत नव्हता! आधी संताप आला, मग त्यांची दया आली.

चार बांगडे पिशवीत पडले. मी पिशवी धरली. "हे देऊ नका, अम्मी."

"का बरं?" कौसल्याबाईंनी विचारलं. शेजारचे कांदेवाले भुजंगराव तराजू सोडून बघायला लागले. त्यांना तेवढंच हवं असतं.

चारचौघांत सासूला खोटं पाडायला माझी जीभ उचलेना. अम्मींनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि त्याच बोलल्या.

"मला वास येत न्हाई, कौसल्याबाई. तापात गेला. चार महिने झाले, तुमाला खोटंच सांगून राह्यले." त्यांनी पिशवीतले चार आणि पोत्यावरची सगळी मासळी बादलीत लोटली. "पोरीच्या पोटात लेकरू हाय. हे नका नेऊ."

संपलं आमचं दुकान, असं मला वाटलं. कौसल्याबाईंनी बादलीत डोकावून पाहिलं. मग त्यांनी थर्माकोलच्या डब्याकडं बोट दाखवलं.

"मंग त्याच्यातले द्या. अन् पिशवीत बर्फ बी टाका. घरी जाईपर्यंत ऊन लई हाय."

अम्मींनी डबा उघडला, बांगडे काढले आणि बर्फाची मूठ भरून थांबल्या.

"महजबीन," त्यांनी विचारलं, "एवढा बस होईल का गं?"

माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. अम्मींनी मला काही विचारलं, ते पहिल्यांदाच.