ऊन उतरायच्या आत

सांगून गेलतो. दोनदा. "आत्ती, खाद्याचा फिडर वर बांधलाय, त्येला हात लावू नको. ऊन उतरल्यावर मीच खाली सोडतो."

ब्रॉयलर भरल्या पोटी उन्हात तग धरत न्हाई. आतनं तापतो आन् बसल्या जागी मान टाकतो. दुपारी त्येला नुसतं पाणी.

उद्या यात्रेचं जेवण. फौजेतनं सुट्टीवर आलेला माझा थोरला भाऊ शिवतेज मला मलकापूरच्या भरती अकॅडमीत घालायला टपलाय. मला कोंबड्याच पाळायच्यात. लय वाजलं आमचं. शेवटी तो म्हणाला, "उद्याच्या पंगतीला तुज्याच कोंबड्या. पुरल्या तर शेड मी घालून देतो. दुकानातनं एक जरी आणाय लागली, तर बॅग भरायची."

म्हणून कडेगावातनं मसाला घेतला आन् गाडी ताणतच आलो. चहा बी घेतला न्हाई.

परड्यात आलो. फिडर खाली सोडलेला. खाद्यावर भाकरीचा चुरा. कोंबड्या पंख पसरून, चोची उघड्या टाकून धापा टाकत हुत्या. आत्ती, म्हंजे वडलांची बहीण बनुबाई, शेजारीच बसलेली.

"आत्ती, कुणी सोडला ह्यो?"

"मी. किती वरडत हुती रं! तुज्या आईनं मला ताट वाढलं आन् ही जाळीला चोची मारत्यात. घास उतरंल व्हय?"

"अगं मरतील की!"

"खाऊन कवा कोण मरतंय व्हय? माज्या कोंबड्या दिवसभर खात्यात."

"तुज्या गावभर हिंडत्यात! ही बसून..."

तेवढ्यात कडंची एक फडफडली आन् आडवी झाली. आत्तीनं तोंडाला पदर लावला. उठली आन् गोणपाट भिजवायला लागली.

मी फिडर बाहेर फेकला. जाळीला वली गोणपाटं लावली. पत्र्यावर पाणी मारलं. एकेकीला उठवत सुटलो. बसून ऱ्हायली की पोटाखाली वारं जात न्हाई. हिकडची उठवली की तिकडची बसायची. आणखी दोन गेल्या. मेलेली काय पंगतीला घालता येत न्हाई.

दादा मांडवातनं आला. भिताडाकडंला टाकलेल्या बघून थांबला.

"शिवा, माज्या हातनं झालं," आत्ती म्हणाली. "ह्येनं नको म्हणून सांगितलं हुतं. ह्येला काय बोलू नकोस."

"ऱ्हाऊ दे आत्ती." मग माज्याकडं वळला. "ऱ्हायल्या किती?"

"मोजल्या न्हाईत. बादली आण."

"जया, मी दुकानदाराला फोन..."

"फोन नको. बादली आण म्हणतोय न्हवं!"

दादाला असं कवा बोललो न्हवतो. त्यानं फोन खिशात घातला, गेला आन् दोन्ही हातात बादल्या घेऊन आला. बूट काढून आत शिरला.

"ही उठंना रं."

"पायानं ढकलू नको. छातीखालनं उचल."

त्यानं उचलली. कोंबडी लटलटत उभी ऱ्हायली आन् परत बसली. त्यानं परत उचलली.

"अकॅडमीचं काय?" मी इचारलं.

"गप. ती बघ, कोपऱ्यातली बसली."

मी कोपऱ्याकडं पळालो. पत्रा अजून तापलेलाच हुता.