नफा मागच्या खोलीत आहे

दुकानाला त्या वर्षी एक लाख बावीस हजारांचा नफा झाला होता आणि गल्ल्यात अकरा हजार होते.

मालकांनी वही तीनदा तपासली, गल्ला दोनदा मोजला, मग चष्मा पुसून वही चौथ्यांदा तपासली. वही म्हणत होती, पैसे आहेत. गल्ला म्हणत होता, नाहीत. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय तेच त्यांना कळेना. वही त्यांच्याच हातची होती आणि गल्ल्याची किल्ली त्यांच्याच खिशात.

दुकान काचेचं. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलावर टाकायच्या काचा, तसबिरींच्या काचा. गिऱ्हाईक आणि हिशेब मालक बघायचे. काच कापायला एकच माणूस, वीस वर्षं तोच. सगळे त्याला मिलिमीटर म्हणत. कुणी म्हणालं, "दोन फूट बाय दीड फूट द्या," की तो म्हणे, "म्हणजे सहाशे दहा बाय चारशे सत्तावन्न," आणि कामाला लागे. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण तो कागदही कुणी वाचत नसे.

आज बुधवार. शनिवारी मालकांची थोरली बहीण यायची होती. नऊ वर्षांपूर्वी तिनं दीड लाख दुकानात घातले होते. ठरलं होतं ते असं, की नफ्याचा तिसरा हिस्सा तिचा. त्यावर तिचं घरभाडं निघायचं. यंदाचा हिस्सा चाळीस हजार सहाशे. शिवाय शनिवारीच मिलिमीटरचा पगार, चौदा हजार. ही दोन्ही ओझी अकरा हजारांच्या पाठीवर कशी लादायची?

"धाकटे, जरा इकडे ये," मालकांनी मुलीला हाक मारली. तिचं शिक्षण नुकतंच संपलं होतं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, पण रुजू व्हायला अजून दोन आठवडे होते. "तू शिकलेली आहेस. नफा आहे आणि पैसे नाहीत, असं असू शकतं का?"

"असू शकतं. पैसे दुसऱ्या कशात तरी अडकलेले असतात. वही बघू." तिनं पानं उलटली. "हे काय, बाबा? 'तुकडे, सहा हजार एकशे वीस चौरस फूट, दर साठ.' हे तर साडेतीन लाखांच्या वर गेलं!"

"तुकडे म्हणजे उरलेली काच. मोठी शीट कापली की कडेला पट्ट्या उरतात, कोपरे उरतात. ताईचे पैसे आल्यापासून, गेली नऊ वर्षं, मिलिमीटर माप सांगतो, मी लिहितो. तुकडा म्हणजे पैसा, मी एकही फेकू देत नाही. वर्षाच्या शेवटी बेरीज करून मागच्या आकड्यात मिळवतो."

"म्हणजे नफा तिथे आहे."

"कुठे?"

"मागच्या खोलीत."

मालकांना बरं वाटलं. पैसा हरवला नव्हता, नुसता काचेच्या रूपात उभा होता. विकला की सुटला.

दोघं मागच्या खोलीपाशी गेले. तिची किल्ली मिलिमीटरकडे असे. त्यानं दार उघडून दिलं आणि पुन्हा टेबलाशी गेला. आत भिंतीला लागून लाकडी मांडण्या होत्या आणि त्यांत तुकडे ताटासारखे उभे. धाकटीनं बाही वर सारली, मोजपट्टी घेतली आणि मोजायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत ती मोजतच होती. तिसऱ्या तासाला मालकांची कंबर गेली म्हणून ते स्टुलावर बसून नुसतं लिहून घेऊ लागले.

बेरीज आली नऊशे चाळीस.

"शून्य राहिलं असेल," मालक म्हणाले.

"शून्य राहिलं असतं तर नऊ हजार चारशे होतील. तेही जुळत नाही."

"मग परत मोज."

परत मोजले. नऊशे सदतीस. तीन फुटांचा फरक मोजपट्टीचा म्हणून सोडून दिला, तरी पाच हजार एकशे ऐंशी फूट काच खोलीत नव्हती. मालक खोलीकडे बघत राहिले. इतकी काच म्हणजे काही खिशात घालून न्यायची वस्तू नव्हे. पण वीस वर्षं किल्ली एकाच माणसाकडे होती. मिलिमीटर संध्याकाळी जाताना खांद्याला एक जाड कापडी पिशवी लावून जातो, हेही आता त्यांना आठवलं. त्या पिशवीत काय असतं, हा प्रश्न त्यांना वीस वर्षांत पडला नव्हता. आता पडला, आणि एकदा पडला तो काही उठेना.

गुरुवारी सकाळी त्यांनी टेबलाशी जाऊन हात पुढे केला. "मागच्या खोलीची किल्ली दे जरा."

मिलिमीटर एका आरशाची कड घासत होता. "काही काढायचंय? मी काढून देतो."

"नको. राहू दे माझ्याकडे."

मिलिमीटरनं आरसा खाली ठेवला, हात पुसले, कमरेच्या जुडग्यातून किल्ली सोडवली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. तोवर मालकांची नजर त्याच्या पिशवीवर खिळली होती, आणि ते त्यानं पाहिलं. किल्ली देताना तो काही बोलला नाही, त्यामुळे मालकांना काय ते कळेना. चोर असता तर कांगावा केला असता. साव असता तर विचारलं असतं. हा गप्प. गप्प बसणाऱ्याचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा?

"पगार देता येत नाहीच आहे," रात्री जेवताना ते धाकटीला म्हणाले. "एका दगडात दोन पक्षी. शनिवारी त्याला सांगतो, उद्यापासून येऊ नकोस."

"बाबा, चोर सोडून संन्याशाला फाशी होईल."

"मग चोर कोण ते तू सांग!"

"एवढं कळतंय, की ती काच तिथे एका वेळी कधीच नव्हती. चौरस फुटाला किलोभर वजन धरा. सहा हजार फूट म्हणजे सहा टन. त्या मांडण्या कधीच मोडून पडल्या असत्या."

"म्हणजे त्यानं थोडी थोडी नेली."

वजनावरून इतकंच सिद्ध होत होतं. चोरी झालीच नाही असं त्यातून निघत नव्हतं, ती सावकाश झाली असंही म्हणता येत होतं. तिनं घास तसाच ठेवला. "छोट्या कामांच्या पावत्या कुठे ठेवता?"

"कुठल्या छोट्या?"

"कुणाची तसबीर फुटते, कुणाच्या खिडकीचा एक कोपरा जातो, त्या."

"त्या 'फक्त मजुरी'च्या? माळ्यावर, खोक्यात. त्यांत काही नाही बघण्यासारखं. काचेचे पैसे घेतच नाही आपण त्यांत."

"का घेत नाही?"

मालकांनी तिच्याकडे दयेनं बघितलं. "अगं, मोठ्या गिऱ्हाइकाकडून आपण अख्ख्या शीटचे पैसे घेतो. उरलेला तुकडा आपल्याला फुकटात पडतो. फुकटातल्या वस्तूचे गरिबाकडून पैसे घ्यायचे? मजुरी घ्यायची, तो दुवा देतो, पुढच्या वेळी मोठं काम आणतो. धंदा असा चालतो."

धाकटीनं पाण्याचा पेला बाजूला सारला. मग म्हणाली, "बाबा, तो तुकडा फुकट आहे की साठ रुपये फूट आहे?"

"दोन्ही," मालक म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा हात ताटातच थांबला.

शुक्रवारभर धाकटी पावत्यांत बसली. नऊ वर्षांच्या तीन हजार दोनशे पावत्या निघाल्या, दिवसाला साधारण एक. दर पावतीवर मालकांच्या अक्षरात 'फक्त मजुरी', आणि त्याखाली बारीक पेन्सिलीत, कुणीही न सांगता लिहिलेलं माप. दोनशे दहा बाय तीनशे. चारशे पाच बाय सहाशे वीस. एकाही पावतीवर माप चुकलं नव्हतं. तिनं सगळी मापं संगणकात भरली, फुटांत आणली. चार हजार आठशे सत्तर. उरलेले तीनशे दहा फूट नऊ वर्षांत हातातून निसटले, फुटले, झाडून टाकले गेले असतील. काचेच्या दुकानात एवढं तर होणारच.

मिलिमीटरनं काच नेली नव्हती. मालकांनीच वाटली होती, आणि वाटून झालेली काच वहीतून कधी वजाच केली नव्हती.

"पण मग पैसे?" मालकांनी विचारलं. त्यांचा चेहरा अंधारात जिना चुकलेल्या माणसासारखा झाला होता. "पैसे कुठे गेले?"

"दरवर्षी पस्तीस-चाळीस हजारांनी नफा जास्त दिसायचा. एक हिस्सा आत्याला गेला, दोन आपण घरात आणले. नसलेल्या नफ्यावर तिघं जेवलो. ते पैसे शीट घ्यायला लागणार होते, पगाराला लागणार होते."

"म्हणजे चोर आपण?"

"चोर नाही हो बाबा. पण घोडं तिथे पेंड खातंय."

शनिवारी थोरली आली. खुर्चीत बसण्याआधीच तिनं दोघांचे चेहरे वाचले. "काय रे, कुणी गेलं की काय?"

धाकटीनं तिला सगळं समजावलं. फुकटची काच, साठाची काच, पावत्या, खोली. मध्येच मालकही समजावू लागले आणि सगळं आणखी गुंतलं.

"थांबा, थांबा," थोरली म्हणाली. "दोघं एकदम बोलू नका. नफा नव्हता, तर मी इतकी वर्षं भाडं कशातून भरलं?"

"काही नफ्यातून. आणि काही तुझ्याच मुद्दलातून, आत्या."

"माझेच पैसे तू मला दरवर्षी देत होतास?" ती भावाकडे वळली. "आणि मी शेजारणीला सांगत होते, भाऊ बघा माझा, किती कमावतो!"

"ताई, मला खरंच वाटत होतं, की कमावतोय."

"तेच तर. तू लबाड असतास तर मला निदान भांडता तरी आलं असतं." तिनं पदरानं कपाळ टिपलं. "बरं, यंदाचा खरा हिस्सा किती?"

"सत्तावीस हजार," धाकटी म्हणाली. "पण एकदम नाही जमणार."

"महिन्याला दे. भाड्याच्या तारखेआधी. आणि त्या मिलिमीटरचा पगार दिलास का?"

धाकटी म्हणाली, "चौदा हजार आहे. आमच्याकडे अकरा."

थोरलीनं पर्स उघडली, तीन हजार मोजले आणि टेबलावर ठेवले. "घ्यायला आले आणि देऊन चालले. हेही वहीत लिही. कुठल्या बाजूला ते तुमचं तुम्ही बघा, मला विचारू नका."

मालक पाकीट आणि किल्ली घेऊन टेबलाशी गेले. मिलिमीटरनं पाकीट घेतलं, न मोजता खिशात घातलं. किल्ली मात्र तशीच ठेवली.

"घे की," मालक म्हणाले.

"राहू द्या तुमच्याकडेच. परत काही कमी पडलं तर माझ्यापाशी यायला नको."

"अरे, ती माझीच चूक होती. मीच दोनदा..." मालकांना पुढे नीट सांगता येईना. स्वतःला पुरतं न कळलेल्या गोष्टीची माफी कशी मागतात? "तू चोरलं नाहीस, हे कळलंय मला."

"मला आधीपासून माहीत होतं," मिलिमीटर म्हणाला. "पिशवीत काय असतं, तेवढं विचारलं असतंत तर दाखवलं असतं. डबा असतो. आणि गुडघ्याचा पट्टा."

मालकांनी किल्ली उचलून खिशात घातली.

"मी येतोय सोमवारी," मिलिमीटरनं आरसा कागदात गुंडाळत सांगितलं. "दुसरीकडे जाऊन नव्यानं कुणाला मापं शिकवू? पण आजपासून मागच्या खोलीतला तुकडा मी चिठ्ठीशिवाय घेणार नाही. माप, तारीख, किंमत आणि तुमची सही. मग कापीन."

"प्रत्येक तुकड्याला?"

"प्रत्येक."

तेवढ्यात एक बाई तसबीर छातीशी धरून आत आल्या. काच तडकली होती. मिलिमीटरनं माप घेतलं. "दोनशे तीन बाय दोनशे चोपन्न," तो म्हणाला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

मालक खोलीत गेले, मापाचा तुकडा हुडकून आणला, चिठ्ठीचा कागद पुढे ओढला. माप लिहिलं. तारीख लिहिली. 'किंमत' लिहिलं आणि पेन तिथेच टेकलं.

"धाकटे, किती लिहू? साठाच्या दरानं?"

"तेवढे नको. त्याचे पैसे एकदा मिळालेत."

"मग शून्य?"

"शून्य तर मुळीच नको. शून्यानंच हे सगळं झालं."

"मग मधलं काय?"

या आठवड्यात धाकटीकडे प्रत्येक प्रश्नाला आकडा होता. आता नव्हता. शीट एक, दाम एकदा, तुकडे दहा. त्यातल्या एकाची किंमत किती, हे तिला कुठल्याच पुस्तकात शिकवलं नव्हतं.

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "पंधरा लिहा. आणि रोज पंधराच लिहा, म्हणजे चुकलं तर एकाच बाजूला चुकेल."

"कसले पंधरा?" बाईंनी विचारलं. "इथे तर नुसती मजुरी घेतात ना?"

मालकांनी मिलिमीटरकडे पाहिलं. मिलिमीटर चिठ्ठीकडे बघत होता.

"घेत होतो," मालक म्हणाले आणि सही केली. मिलिमीटरनं चिठ्ठी उचलून उजेडात धरली, माप पुन्हा एकदा वाचलं आणि काच टेबलावर आडवी घातली.