चाकं पुसलीस का?

मामा बोटीवर होता. आमच्या लहानपणी त्याने परदेशातून दोन छोटी इंजिनं आणली, एक लाल आणि एक हिरवं. सोबत रूळ आणि वेग कमीजास्त करायचा कंट्रोल. भाचे दोन, कंट्रोल एक. मामाला समुद्रातलं सगळं कळायचं, भावाभावांमधलं काही कळायचं नाही.

कंट्रोल अर्थातच दादाकडे गेला. रवींद्रदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. माझ्याकडे दोन खाती आली: तोंडाने शिट्टी देणं आणि चाकं पुसणं. चाकांवर धूळ असली की रुळांतली वीज मोटारीपर्यंत पोचत नाही, म्हणून गाडी सोडण्याआधी दादा साहेबी थाटात विचारायचा, "उत्तम, चाकं पुसलीस का?" त्या वाक्याचा मला इतका राग होता की अजूनही सुमेधाने "टेबल पुसलंत का?" म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिला वाटतं मी आळशी आहे. तेही खरंच आहे.

बरं, दोन इंजिनं असूनही मला काही मिळण्यासारखं नव्हतं. जुन्या पद्धतीत कंट्रोल रुळांनाच वीज देतो, त्यामुळे रुळांवर असतील तेवढी इंजिनं एकदमच पळतात आणि एकदमच थांबतात. दुसऱ्या ड्रायव्हरची गरजच नाही.

आता वहिनी गेल्याला दीड वर्ष झालं आणि दादाने बोलणंच सोडलंय. टेंभी नाक्यावरच्या घरात खिडक्या लावून बसतो. मी डोंबिवलीहून रोज फोन करतो. जेवलास? हं. बरा आहेस ना? हं. फोन ठेवला की मला भीती वाटते, अगदी खरी भीती, की एक दिवस हा हंसुद्धा म्हणणार नाही.

गणपतीची आरास माळ्यावर ठेवायला चढलो तेव्हा ती इंजिनं हाताला लागली आणि त्याच संध्याकाळी मी फोनवर बोलून बसलो, "दादा, दोन्ही डिजिटल करतोय. एकाच रुळावर तुझं तू चालवायचं, माझं मी. दसऱ्याला ये." पलीकडून आवाज आला, "बघू."

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. "सुमेधा, दादा बघू म्हणाला!" तिने गॅस बारीक केला. आमच्याकडे मोठ्या बातमीलाच गॅस बारीक होतो.

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, आणि ते घरपोच येण्याआधीच भरावं लागतं. तयार डिजिटल संचाची किंमत बघून मी लॅपटॉप मिटला आणि स्वस्तातला मार्ग धरला: एक साधा सर्किट बोर्ड, आर्यनच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या, जुन्या लॅपटॉपचा चार्जर आणि कंट्रोलच्या जागी दोन मोबाइल. प्रत्येक इंजिनात नखाएवढा डिकोडर बसवायचा. रुळांत वीज कायम असते, पण डिकोडर फक्त आपल्या नंबरचा हुकूम ऐकतो. संसारात हे तंत्र मला कधीच जमलेलं नाही.

जुन्या इंजिनात मोटारीचं एक टोक थेट लोखंडी अंगाला टेकलेलं असतं. ते आधी वेगळं करायचं, नाहीतर डिकोडर जळतो. व्हिडिओतला माणूस हे पुन्हापुन्हा बजावतो. मी व्हिडिओ दीडपट वेगाने बघत होतो.

"कसला वास येतोय?" सुमेधा बाहेरून म्हणाली.

"केमिकल कंपन्यांचा असेल," मी म्हणालो. डोंबिवलीत राहण्याचा हा एक फायदा आहे.

दुसरा डिकोडर मागवला. या वेळी मोटारीखाली प्लास्टिक सरकवून, चिकटपट्टी लावून, देवाचं नाव घेऊन जोडला. खंडेनवमीच्या सकाळी दोन्ही इंजिनं हॉलमधल्या रुळांवर आपापल्या तालात फिरली. मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो. मग पाटावर सोल्डरिंग गन, पक्कड, मल्टिमीटर आणि दोन्ही इंजिनं मांडून यथासांग पूजा केली.

"अहो, चाकांनाही हळदकुंकू?" सुमेधाने विचारलं.

"वाहनाच्या चाकांनाच लावतात," मी म्हणालो. आणि रूळ कशाला उपाशी ठेवा, म्हणून त्यांनाही बोटं ओढली.

दसऱ्याला दादा आला. खांदे पडलेले, दाढी वाढलेली. मी सोनं देऊन पाया पडलो. तो खुर्चीत बसला. मी एक मोबाइल त्याच्या हातात दिला, एक माझ्या, आणि म्हणालो, "सोड."

इंजिनं गचकली आणि थांबली. पुन्हा गचकली, पुन्हा थांबली.

मी वायफायला दोष दिला. मग चार्जरला, मग डिकोडर विकणाऱ्याला. नाचता येईना अंगण वाकडं. लाल इंजिन उघडलं, बंद केलं, एक स्क्रू सोफ्याखाली गेला. मी पालथा पडून तो शोधत असताना वरून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दादा उठला होता.

"निघतो," तो म्हणाला.

मी सोफ्याखालून बाहेरच आलो नाही. येऊन दाखवायला तोंड नव्हतं, आणि रडू फुटेल असं वाटत होतं.

पावलं दारापर्यंत गेली. थांबली.

"उत्तम," दादाचा आवाज आला, "चाकं पुसलीस का?"

दीड वर्षातलं त्याचं पहिलं सबंध वाक्य. मी बाहेर आलो. दादाने परत येऊन हिरवं इंजिन उचललं, उलटं केलं आणि रुमालाने चाकं पुसली. रुमाल पिवळा आणि लाल झाला. तो एकदा रुमालाकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"गाढवा, चाकांना कुंकू?"

"रुळांनाही," सुमेधाने चुगली केली.

मी फडकं घेतलं आणि पुसायला लागलो. दादा वरून दाखवत होता: इथे राहिलं, तिथे राहिलं, कोपऱ्यात बघ. मला जराही राग आला नाही.

मग दोन्ही गाड्या सुटल्या. दादाची लाल, संथ आणि बेताची. माझी हिरवी जोरात. दुसऱ्याच फेरीत मी त्याच्या मागच्या बाजूला धडकलो.

"अरे, मागून काय घुसवतोस?" दादा ओरडला. "सिग्नल बिग्नल काही आहे की नाही? आण तो मोबाइल इकडे. तुला जमत नाही."

माझा स्वतःचा कंट्रोल. त्याच्यासाठी लहानपणभर झुरलो होतो आणि आता महिनाभर बोटं भाजून घेतली होती. मी मुकाट्याने दिला. दादाने दोन्ही हातांत दोन मोबाइल धरले, दोन्ही इंजिनं लांब लांब उभी केली आणि माझ्याकडे बघितलं.

"शिट्टी कोण देणार?"

आवाजाचा डिकोडर मला परवडला नव्हता. मी रुळांशेजारी मांडी घातली आणि छाती भरून शिट्टी दिली.