तेरणाची नवी सीडी

नव्या सीडीत नऊ गाणी होती. नऊ गाण्यांत मिळून सात तलवारी, चार गरुड, दोन ड्रॅगन आणि एक बर्फाचा डोंगर. ही मोजदाद शिवकन्येची. ती नुकतीच बी.एस्सी. झाली होती आणि ‘तेरणा’ बँडमध्ये ड्रम वाजवायची.

“बर्फ कुठं बघितलास रे तू?” तिनं आलोकला विचारलं.

“गंजगोलाईत. गोळेवाल्याकडं.”

आलोक गायचा. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून दर शनिवारी एसटीनं लातूरला यायचा. गिटार अमरेशची. तो हसला नाही. त्यानं सीडी पुन्हा लावली.

गिटारचे दोन सूर एकमेकांना न सोडता वर चढत गेले. आलोकचा आवाज इतका उंच गेला की शिवकन्येची मान आपोआप छताकडं वळली. खालून ड्रम धावत होते, एक ठोका इकडचा तिकडं नाही. ते आपणच वाजवलेत, हे तिला स्वतःला पटवून द्यावं लागलं. हातावर काटा आला होता.

पहिली सीडी अशी नव्हती. भूकंपानंतर अमरेशच्या घरच्यांनी तीन उन्हाळे पत्र्याच्या शेडमध्ये काढले होते. गारा पडल्या की शेड कसं वाजायचं, ते त्यानं टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. शिवकन्येनं तेच दोन्ही पायांनी ड्रमवर उतरवलं: दाट, मग विरळ, मध्येच थांबलेलं, पुन्हा कोसळणारं. वर आलोकचा चढा मराठी आवाज. कोचिंग क्लासची पोरं ती सीडी तोंडपाठ म्हणायची.

मग तिघांना वाटलं, आणखी चांगलं व्हायचं. लातुरात वाढलेल्यांना त्याची एकच रीत ठाऊक होती. परीक्षांचे जुने पेपर आणायचे आणि हात आपोआप चालेपर्यंत सोडवायचे. त्यांनी परदेशी बँडची वीस गाणी घेतली. दोन वर्षं तीच घोटली. चुकलेल्या जागेवर अमरेश लाल पेननं गोल करायचा. एके दिवशी लाल गोल संपले, आणि नवी गाणी भराभर सुचू लागली.

आलोकला हैदराबादला नोकरी लागली होती. पुढच्या महिन्यात तो निघणार, म्हणजे ही सीडी शेवटचीच.

“लई भारी झालंय,” शिवकन्या म्हणाली. “पण ह्यात आपण कुठं हाव?”

“दोन वर्षं घासतोय, अन् तू आता विचारतीस व्हय?” अमरेश म्हणाला.

“मग तपासू.”

“काय, रक्त?” आलोक म्हणाला.

“कान. मेसमध्ये जेवणाऱ्या क्लासच्या पोरांचे.”

तिनं अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे कापले. शब्द नसलेले, सगळ्यांच्या आवाजाची पातळी सारखी. दर जोडीत एक तुकडा ‘तेरणा’चा, एक परदेशी, आणि परदेशीही त्या वीस गाण्यांबाहेरचा. पोरांनी आपला ओळखायचा. आधी जुन्या सीडीची जोडी, पोरांचे कान ठीक आहेत ना ते बघायला; मग नव्या सीडीची.

अमरेश गिटारच्या तारा पुसू लागला. “पोरांनी ओळखलं तर सीडी बाजारात काढू,” तो म्हणाला. “नाही ओळखलं तर पुसून टाकायची. आलोक, चालंल?”

आलोकनं मान डोलावली.

रविवारी मेसमध्ये चाळीस पोरं आली. एकेकानं हेडफोन घातले. जुन्या जोडीला पोरं लगेच बोट दाखवत, काही तर पायानं ठेका धरत. नव्या जोडीला त्यांचे चेहरे बदलायचे. उदगीरच्या बसवराजचा हात वरणभातातच राहिला. तुकडे संपले तरी तो हेडफोन काढेना.

“दादा,” तो अमरेशला म्हणाला, “माणसं असं वाजवू शकतात?”

“ह्यातलं आमचं कोणतं, ते सांग.”

बसवराजनं दोन्ही पुन्हा ऐकले. मग तिसऱ्यांदा. “दोन्ही एकाच देवळातनं आल्यासारखे हायत,” तो हळू म्हणाला, आणि अंदाजानं एक बोट वर केलं.

दुपारी मेस रिकामी झाली. शिवकन्येनं बेरीज दोनदा करून पाहिली आणि दोघांना वाचून दाखवली. जुन्या सीडीचा तुकडा चाळिसांपैकी अडतीस जणांनी ओळखला. नव्या सीडीचा वीस जणांनी, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढेच.