मिस्त्रीच्या टाकीचं शून्य

मिस्त्रीच्या हातचं काम म्हणजे मुंगीलाही शिरायला फट नाही, असं सगळी गल्ली म्हणायची, आणि मिस्त्री ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. कान मात्र टवकारलेले असायचे.

गल्लीत गटार नव्हतं. प्रत्येक घराची आपापली टाकी, आणि संडास-मोरीचं सगळं पाणी तिच्यात. भरली की उपसायची, नाही भरली तर विसरायची. एकदा झाकण बसलं की आतल्या घाणीशी आपला संबंध संपला, अशी तिथल्या शहाण्यासुरत्यांचीही समजूत होती.

एक दिवस मोजणीवाली आली. कुठल्याशा संस्थेची तरुण बाई, पाठीवर यंत्र, हातात प्लास्टिकचा टब. टाकीच्या झाकणावर टब उपडा घालायचा, कडेनं ओली माती दाबायची, टबाची नळी यंत्राला जोडायची आणि वाट बघत बसायची. घरांच्या सांडपाण्यातून किती मिथेन वर जातो ते ती मोजत होती. या वायूनं हवा तापते, कारखान्यांचा हिशेब होतो पण असल्या टाक्यांकडे कोणी बघत नाही, असं ती दारोदार न कंटाळता सांगायची. गल्लीला हवेचं काही पडलं नव्हतं. आकड्याचं मात्र पडलं. शिंपिणीच्या टाकीचा आकडा सगळ्यांत मोठा आला, तो शेजारणीनं मुद्दाम मोठ्यांदा वाचून दाखवला, आणि शिंपीण लाजेनं नळावर यायची बंद झाली.

मिस्त्रीच्या टाकीवर आकडा जागचा हललाच नाही. शून्य.

"बघा," मिस्त्री म्हणाला, "आमच्याकडची घाणसुद्धा घरची शिस्त पाळते."

मोजणीवाली हसली नाही. "काका, वायू आत तयार होतच असणार. त्याला इथून वाट नाही, एवढंच. टाकीचा हवेचा पाइप कुठाय?"

पाइप होता, पण त्याचं तोंड नेमकं धाकट्या भावाच्या खिडकीशी यायचं. भावाची बायको गरोदर राहिली आणि त्या वासानं उलट्या करून करून अर्धी झाली. पाइप छताच्या वर नेणं हा खरा उपाय. पण ते खटाटोपाचं काम, आणि बुजवणं एका सकाळचं. मिस्त्रीनं पाइप कापला, तोंडात सिमेंट भरलं, झाकणाच्या सांध्यात डांबर ओतलं. भावजय सुखानं जेवू लागली. घर खूश.

"तो मोकळा करा," मोजणीवाली म्हणाली. "वर न्या, पण मोकळा करा. नाहीतर मोरीतून घरात येईल. साठला तर पेट घेतो."

"बघतो," मिस्त्री म्हणाला.

अंगणात तेव्हा ते दोघंच होते. बायको चहा घेऊन बाहेर आली आणि तिनं विचारलं, "किती आला हो आपला?"

"शून्य," मिस्त्रीनं सांगितलं. तेवढंच सांगितलं.

मग काय, शून्य गल्लीभर झालं. आधी शिंपीण आली, "मिस्त्री, आमचीही तेवढी बंद करून द्या." मग तिची शेजारीण, मग कोपऱ्यावरचा न्हावी. मिस्त्रीनं सगळ्यांचे पाइप बुजवले. मोजणीवालीचं बोलणं त्याला अधूनमधून आठवायचं, नाही असं नाही. पण ज्या बंद पाइपामुळे लोक वाटेत थांबून नमस्कार करायला लागले, तो आता आपल्याच छिन्नीनं फोडायचा? माणूस एकवेळ घर पाडेल, पण मिळालेलं नाव पाडायला त्याचा हात धजत नाही. आज करू, उद्या करू, असं चाललं होतं.

एवढ्यात भावजय बाळंतपणाला माहेरी गेली. धाकट्यानंही तिकडेच काम धरलं. त्यांच्या खोलीला कुलूप लागलं, आणि वर उन्हाळा. मोरीच्या जाळीखाली थोडं पाणी कायम उभं असतं, तेच खालचा वास अडवतं. खोली बंद पडली की ते आटतं. मिस्त्रीला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? लोकांना तो बजावायचा, बंद घराच्या मोरीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओतत जा. स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार.

मिस्त्रीच्या बायकोला मूल झालं नव्हतं. त्या दुःखाचा तिनं कधी बोभाटा केला नाही, पण भावजयीला मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा ती रडली आणि लगेच जुनी मऊ कापडं काढून दुपटी शिवायला बसली. बाळंतीण यायच्या दिवशी सकाळपासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. "येतीलच आता. आंघोळीचं पाणी त्यांच्याच खोलीतल्या गॅसवर तापवते," असं म्हणून तिनं किल्ली घेतली. बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकी तिनं उघडलीच नाही.

"अहो, इथे कसला कोंदट वास येतोय," तिनं आतून हाक मारली.

मिस्त्री अंगणात पाळण्याची दोरी बांधत होता. "बंद खोली आहे, येणारच," तो म्हणाला.

मग तिनं काडी ओढली.

आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मिस्त्रीनं आत धाव घेऊन तिला ओढून बाहेर आणलं. न्हाव्यानं घोंगडी टाकली, शिंपिणीनं पाणी ओतलं. जीव वाचला. चेहरा आणि दोन्ही हात भाजून गेले.

तिला दवाखान्यात पोचवून मिस्त्री त्या खोलीत परत आला. सिलिंडर जागच्या जागी उभा होता. मोरीची जाळी उडून समोरच्या भिंतीशी पडली होती आणि तिच्या खालचं भोक आ वासून कोरडं पडलं होतं. त्याला एका क्षणात सगळं कळलं. तो तिथेच भिंतीला धरून खाली बसला. बाहेर बंबवाल्यांची पावलं वाजली तसा तो उठला, जाळी उचलली, मोरीत नीट बसवली आणि पायानं दाबली.

बंबवाल्यानं शेगडी तपासली. "सिलिंडर शाबूत आहे. बटण आधी फिरवलं असेल आणि काडी उशिरा सापडली असेल. बायकांचं होतं असं घाईत."

"असेल," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन तो शिंपिणीकडे गेला आणि तिचा बुजवलेला पाइप फोडू लागला. ती चकित झाली. "बायको दवाखान्यात आणि तुम्ही इथे?"

"सिमेंट कच्चं राहिलं होतं. पाइप वर नेऊन देतो, वास येणार नाही."

"कामाचा माणूस म्हणतात तो असा," शिंपीण डोळे पुसत म्हणाली. त्यानं सगळ्यांचे पाइप मोकळे केले, शेवटी स्वतःचाही. कोणीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

भावजय बाळाला घेऊन दवाखान्यात आली, ती दारातच थांबली. पट्ट्यांमधून मोठ्या जावेचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते बाळावरच होते.

"जवळ आण की गं."

"नको ताई, इथे किती आजारी माणसं," असं पुटपुटून ती मागे सरली. बाहेर धाकट्याशी बोलताना तिचा आवाज मात्र आत आला. "मला नाही हिंमत होत त्यांच्याकडे पोर द्यायची. आम्ही पोचलो असतो तर? आज बटण विसरल्या, उद्या पोरीला कुठे विसरतील."

मिस्त्रीनं खाली मान घातली.

"अहो," बायको म्हणाली. ओठ नीट हलत नव्हते. "बटण मी फिरवलंच नव्हतं. काडी आधी ओढली. मला चांगलं आठवतंय."

तो तिच्या पायावरची चादर सारखी करू लागला.

"तुम्हाला काय वाटतं? तुम्ही म्हणाल ते खरं."

सांगायचं होतं, आत्ताच सांगायचं होतं. दारात धाकटा येऊन उभा राहिला होता, मागे बाळ रडत होतं.

"घाईत काय केलं ते लक्षात राहत नाही माणसाच्या," मिस्त्री म्हणाला.

तिनं नजर छताकडे वळवली.

"मग फिरवलं असेल," ती म्हणाली. "माझंच चुकलं. तिला सांगा, घाबरू नको. मी नाही घेणार बाळाला. लांबूनच बघत जाईन."

"बरं," मिस्त्री म्हणाला, आणि सांगायला बाहेर गेला.